आधी बूड पाहा : नागपुरात जुनी चिनीमातीची भांडी जमवायची तर

इतवारीतल्या एका गल्लीत, भंगाराच्या दुकानात, वरच्या फळीवर एक पिवळी-पांढरी बरणी दिसली. मी मान वर करून बघतेय म्हटल्यावर दुकानदार लगेच म्हणाला, "इंग्रजाच्या टायमची आहे, ताई. बाराशे द्या."

"खाली घ्या ना. बूड पाहू द्या."

"बूड पाहून काय कराल? लोनचं तं वरूनच भरता ना!"

हसत हसत त्याने बरणी उतरवली. बुडाला अर्धवट खरवडलेलं कागदी लेबल होतं आणि त्यावर बारकोडाच्या चार रेघा अजून शाबूत होत्या. दुकानदारही हसला. राग कुणालाच आला नाही, मी चहा पिऊन परत आले.

हा लेख त्या बुडाबद्दल आहे. घर आवरताना आजीची बरणी हाती लागली आणि आता अशाच आणखी जमवाव्यात असं ज्यांना वाटू लागलंय, त्यांच्यासाठी. मी पंधरा-सोळा वर्षं हा नाद करतेय. शिकले ते बहुतेक फसूनच.

झिलई कशाला म्हणायचं

झिलई म्हणजे भांड्यावर वितळून बसलेला काचेचा पातळ थर. घासून आणलेली चकाकी ही झिलई नव्हे. उत्तर प्रदेशातली निजामाबादची काळी भांडी चकचकीत दिसतात, पण ती घोटून आणि धुरात भाजून केलेली असतात. आपल्याकडच्या पवनार, पवनीसारख्या उत्खननांत निघालेली काळी-तांबडी खापरंही तशीच, झिलईची नाहीत. अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ सालापासूनच्या आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात, एक दुपार खापरं बघण्यात घालवा. घोटलेला पृष्ठभाग आणि काचेचा थर यातला फरक एकदा डोळ्यांत बसला की आयुष्यभर पुरतो.

बाजारात सगळ्यालाच 'चिनीमाती' म्हणतात. आपण मात्र आतली माती ओळखायची, कारण किंमत आणि निगा दोन्ही तिच्यावर अवलंबून. साधं मातीचं भांडं हजार-साडेअकराशे अंशांवर भाजतात. ते आतून सच्छिद्र राहतं आणि टवका उडाला की तांबूस किंवा पिवळट माती दिसते. स्टोनवेअर, म्हणजे आपल्या लोणच्याच्या बरण्या, बाराशे ते तेराशे अंशांवर भाजलेलं असतं. ते दगडासारखं घट्ट आणि राखाडी किंवा पिवळट असतं. पोर्सेलीन पांढरंशुभ्र. दिव्यासमोर धरलं तर मागे धरलेल्या बोटांची सावली दिसते. बोन चायना हा त्याचाच इंग्रजी भाऊ, त्यात जवळजवळ निम्मी हाडांची राख असते.

घरगुती चाचणी सोपी आहे. बुडाच्या कडेला झिलई नसते, तिथे पाण्याचा एक थेंब ठेवा. पटकन शोषला तर मातीचं, तसाच बसून राहिला तर स्टोनवेअर किंवा पोर्सेलीन.

नागपुरात काय मिळतं, हे आधी समजून घ्या

नवख्याची पहिली चूक म्हणजे चिनी सम्राटाची सुरई शोधत फिरणं. ती आपल्या महाल भागातल्या गल्लीत तुमची वाट बघत बसलेली नाही. आपल्या गावात कोण राहिलं आणि त्यांनी काय वापरलं याचा विचार करा, म्हणजे काय मिळेल ते आपोआप कळतं.

कामठीची छावणी १८२१ सालची. तिथे गोरे अधिकारी आले, त्यांची मेस आली, जिंजर बिअरच्या दगडी, म्हणजे स्टोनवेअरच्या, बाटल्या आल्या. मुंबईहून रेल्वे १८६७ साली नागपुरात पोचली, बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी १८८७ ची. रेल्वेच्या उपाहारगृहांच्या बशा आल्या. १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. गावातली पारशी कुटुंबं होतीच, आणि मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांचे चीनशी जुने व्यवहार असल्यामुळे त्या घरांतून चिनी आणि जपानी टी-सेट निघतात. शिवाय नागपूर मध्य प्रांताची राजधानी. सचिवालय, कोर्टं, कचेऱ्या, आणि त्या सगळ्यांना लागायची शाई.

म्हणून नवख्यांना मी पहिली वस्तू सुचवते ती शाईची बाटली. लंडनच्या पी. अँड जे. अरनॉल्ड कंपनीची शाई दगडी बाटल्यांतून यायची. तपकिरी, उभट, तोंडाशी ओतायला छोटी चोच. तळाजवळ ठसा असतो, त्यात डर्बीजवळच्या डेन्बी पॉटरीचं आणि तिचे मालक बोर्न यांचं नाव वाचता येतं. फुटायला कठीण, नक्कल करण्याइतकी महाग नाही, आणि मातीतच दाबलेलं नाव असल्यामुळे वाचायला शिकवते. माझी पहिली मला दीडशे रुपयांना मिळाली. त्यात दुकानदाराने अगरबत्त्या खोचून ठेवल्या होत्या.

दुसरी वस्तू अर्थातच बरणी. वरचा भाग पिवळा-तपकिरी, खालचा पांढुरका, हा दोन रंगांचा थाट मूळचा इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा. त्याआधी दगडी भांड्यांना मिठाची झिलई देत. भट्टी पुरती तापली की आत मूठमूठ मीठ फेकायचे. मिठाची वाफ मातीतल्या वाळूच्या अंशाशी मिळून काच व्हायची आणि पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखी खरखर उमटायची. नागपूरकराला हे वेगळं समजवायला नको. १८३० च्या दशकापासून ब्रिस्टलची जस्तयुक्त गुळगुळीत झिलई आली, ती हळूहळू जगभर गेली आणि आपल्या देशी कारखान्यांनीही तीच उचलली. तेव्हा संत्र्याची साल दिसली तर थांबा, जरा जास्त लक्ष द्या. गुळगुळीत दुरंगी बरणी १९१० ची असू शकते आणि १९७० चीही. रंगावरून साल सांगणाऱ्याचं ऐकू नका.

आपल्याकडच्या बरण्या बऱ्याचदा जबलपूरच्या निघतात. तिथे बर्न कंपनीचा कारखाना होता, परफेक्ट पॉटरीचाही होता, आणि जबलपूर-नागपूर तेव्हा एकाच प्रांतात. सौराष्ट्रातल्या परशुराम पॉटरीच्या, कलकत्त्याच्या बेंगाल पॉटरीजच्या, ग्वाल्हेरच्या वस्तूही मिळतात. माझ्या मते नागपूरकराने जबलपूरची बरणी जमवावी. आपल्या स्वयंपाकघरांचा शंभर वर्षांचा हिशेब तिच्यात आहे, आणि अजून कुणी ती फार मनावर घेतलेली नाही, त्यामुळे परवडते.

मोठ्या, तपकिरी, खांद्यावर कान असलेल्या रांजणाला जुनी माणसं मर्तबान म्हणतात. ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरातून असे रांजण तेल-तूप भरून सगळीकडे जात, त्यावरून ते नाव पडलं. खरा जुना मिळाला तर भाग्य. पण आधी दारातून आत जाईल का, ते मोजा.

जुने वाडे पाडताना जपानी नक्षीच्या टाइल्स निघतात. १९१० ते १९३० च्या दशकांत त्या हिंदुस्थानात भरपूर आल्या, काहींवर आपले देवही आहेत. तो स्वतंत्र नाद आहे, इथे नको.

पहिले तीन महिने काही घेऊ नका

हे अवघड आहे, मला माहीत आहे. पण आधी हात तयार होऊ द्या. मावशीकडे, काकूकडे, शेजारच्या आजींकडे जा आणि "तुमच्या बरण्या बघू का?" म्हणून विचारा. सुरुवातीला चमत्कारिक बघतील, मग माळ्यावर चढवतील आणि वर उपासाचं लोणचंही देतील. पन्नास भांडी हातात घेऊन उलटी करा. वजन, कडेची जाडी, झाकण बसताना होणारा आवाज, दादरा बांधायला तोंडाखाली ठेवलेली खाच, हे सगळं पुस्तकातून येत नाही.

एक वही, दहा पटीचं भिंग, मोजपट्टी, छोटी टॉर्च आणि नोटा तपासायची असते तसली अतिनील टॉर्च. एवढ्यावर काम भागतं. भिंग सराफाचं घेतलंत तर उत्तम.

बूड कसं वाचायचं

बुडाला तीन गोष्टी बघायच्या: झीज, भट्टीच्या खुणा, ठसा. याच क्रमाने. ठशाकडे सगळे आधी धावतात आणि तिथेच फसतात.

झीज खरी असेल तर ती फक्त टेकणाऱ्या कडेवर असते आणि तिथले ओरखडे सगळ्या दिशांना जातात, कारण माणसं भांडं नीट एका रेघेत सरकवत नाहीत. सॅंडपेपरने केलेली झीज एका दिशेची असते आणि जिथे भांडं टेकतच नाही तिथेही सापडते. भट्टीच्या खुणा म्हणजे चिकटलेले वाळूचे कण किंवा भाजताना खाली ठेवलेल्या तिकाटण्याचे तीन छोटे डाग. ते असले तर भांडं भट्टीत कसं ठेवलं होतं ते कळतं.

मग ठसा. काही ठोकताळे पाठ करून टाका. नुसतं 'इंग्लंड' लिहिलेलं असेल तर बहुधा १८९१ नंतरचं, कारण अमेरिकेच्या आयात कायद्याने तेव्हापासून मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. 'मेड इन इंग्लंड' हे विसाव्या शतकातलं. पत्त्यांतल्या चौकटसारखा इंग्रजी नोंदणीचा ठसा १८४२ ते १८८३ मधला, १८८४ पासून त्याच्या जागी नुसता नोंदणी क्रमांक आला. 'निप्पॉन' असेल तर १८९१ ते १९२१, त्यानंतर 'जपान'. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची मोजकी वर्षं, १९५२ पर्यंत. 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर १९१८ च्या आधीचं असूच शकत नाही, तो देशच नव्हता.

देशी मालाला आपले ठोकताळे लावा. जबलपूरचं इंग्रजी स्पेलिंग जुन्या, साहेबी पद्धतीचं (Jubbulpore) असेल तर जुनाट काळ. लिटर किंवा किलो लिहिलं असेल तर मेट्रिक मापं आल्यानंतरचं, म्हणजे १९५८ च्या पुढचं. रेल्वेच्या बशीवर जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) अशी अक्षरं असतील तर ती १९५१ च्या आधीची, कारण त्या वर्षी मध्य रेल्वे झाली. पण ही अक्षरं झिलईच्या खाली आहेत की वर, हे नखाने तपासा. साध्या पांढऱ्या बशीवर नंतर छापून दुसऱ्यांदा भाजलेली 'रेल्वेची बशी' मी स्वतः घेतलेली आहे. ती सध्या साबणाची वडी ठेवायला आहे.

चिनी भांड्यावर सम्राटाचं नाव असलं तरी भारावून जाऊ नका. कांग्शी सम्राटाच्या नावाचा ठसा त्याच्यानंतर दोनशे वर्षांनीही आदराने मारत असत. ती फसवणूक नव्हती, रीत होती. फसवणूक दुकानात होते.

निळ्या नक्षीच्या बशा

निळी विलो नक्षी, म्हणजे पूल, झाड आणि दोन पक्षी, इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटी आली आणि आजही छापली जाते. तेव्हा नक्षी ओळखून वय कळत नाही, छपाई बघून कळतं. जुन्या पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र पातळ कागदावर घेऊन तो कागद हाताने बशीवर चिकटवत. गोल बशीवर सरळ कागद बसवायचा म्हणजे काठाच्या वेलबुट्टीत कुठे तरी जोड येणारच. ब्लाउजच्या शिवणीवर जसं डिझाइन जुळत नाही, तसा. तो जोड शोधा. भिंगातून मात्र एकसारख्या ठिपक्यांची जाळी दिसली, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखी, तर बशी अलीकडची.

बाकी फसवण्याचे प्रकार थोडक्यात: चहाचं पाणी, पोटॅशियम परमॅंगनेट, बुटाचं पॉलिश. चिरांत सगळीकडे सारखाच तपकिरी रंग भरलेला असेल तर संशय घ्या. खरा मळ जिथे हात लागतो आणि जिथे तेल मुरतं तिथेच जास्त असतो. मी एकदा 'फार प्राचीन' म्हणून घेतलेली थाळी घरी आणून कोमट पाण्यात ठेवली, तर पाण्याला चहाचा वास आला.

तडा, टवका आणि टाके

भांडं तळहातावर मोकळं धरून बोटाच्या पेराने हलकेच वाजवा. अखंड असेल तर खण्ण वाजतं, तडा असेल तर बद्द. जाड बरणी तशीही कमी वाजते, त्यामुळे दोन-चार बरण्या शेजारी ठेवून वाजवा, फरक लगेच कळतो. मग आत टॉर्च लावून बाहेरून बघा.

झिलईतलं केसांसारखं जाळं म्हणजे तडा नव्हे. झिलई आणि माती थंड होताना सारख्या आक्रसत नाहीत, त्यामुळे ते पडतं. कधी वर्षांनंतरही पडतं, माती हवेतला ओलावा शोषून किंचित फुगते म्हणून. जुन्या मातीच्या भांड्यात ते चालतं. मात्र एकच रेघ काठापासून खाली उतरत असेल, आणि आतही तीच रेघ तिथेच दिसत असेल, तर तो तडा.

दुरुस्ती लपवलेली असेल तर अंधारात अतिनील टॉर्च मारा. डिंक आणि रंग मूळ झिलईहून वेगळे चमकतात. कापसावर नेलपॉलिश काढायचं द्रव घेऊन कोपऱ्यात टेकवलं तर वरून दिलेला रंग सुटतो. अर्थात दुकानदाराला विचारून, आणि सोनेरी नक्षीच्या जवळपासही नाही.

एक दुरुस्ती मात्र मला अखंड भांड्याहून आवडते. पूर्वी फुटलेल्या बशीला दोन्ही बाजूंनी बारीक भोकं पाडून धातूचे टाके घालत. बशीला मागून ते टाके दिसले की समजावं, हे भांडं कुणाला तरी टाकवत नव्हतं. बाजारभाव पडतोच. मी तरी घेते.

किंमत कशी ठरवायची

इथे सगळ्यांची घाई असते, म्हणून सावकाश सांगते.

पहिली गोष्ट, किंमत एक नसते. दुकानदार सांगतो ती एक, तुम्ही विकायला गेलात तर मिळेल ती दुसरी, विम्यासाठी लिहाल ती तिसरी. आजीने त्यात कैरीचं लोणचं घातलं होतं म्हणून तुमच्या मनात असते ती चौथी, आणि ती कुणीही देणार नाही.

दुसरी गोष्ट, इंटरनेटवर कुणी काय मागतंय याला काडीचा अर्थ नाही. ज्या वस्तू प्रत्यक्ष विकल्या गेल्या त्यांचेच भाव बघा. लिलावांचे निकाल पाहता येतात. पण त्यात हातोडा पडतो तो आकडा वेगळा, त्यावर ग्राहक लिलाव करणाऱ्या संस्थेला जास्तीची टक्केवारी देतो आणि विकणाऱ्याच्या पैशांतूनही कमिशन कापलं जातं. म्हणजे छापलेला आकडा खरं तर कुणाच्याच खिशातला नसतो. आणि लंडनमधला भाव सीताबर्डीवर लागत नाही.

माझी पद्धत अशी. आधी वस्तूचं एक वाक्य लिहायचं: 'जबलपूरची बरणी, दुरंगी, ठसा स्पष्ट, मूळ झाकण, उंची ३० सेंटिमीटर, काठाला एक टवका.' या वाक्यातला प्रत्येक शब्द पैसे वाढवतो किंवा कमी करतो. मूळ झाकण सगळ्यात मोठा शब्द. झाकणं आधी फुटतात, आणि दुसऱ्याच बरणीचं झाकण बसवलेली बरणी बाजारात पैशाला पासरी. रंगछटा जुळते का आणि झाकण फिरवलं तर सगळीकडे सारखं बसतं का, ते बघा. स्पष्ट ठसा दुसरा. आकाराचं गणित उलटं आहे: फार छोटी आणि फार मोठी दुर्मीळ, मधली घरोघरी.

मग नुकसान वजा करायचं. नेहमी मिळणाऱ्या वस्तूला तडा असेल तर मी भाव न करता पुढे जाते, पुढच्या महिन्यात अखंड मिळणार असते. दुर्मीळ वस्तूला तडा असेल तर अखंडाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत देते. हा माझा नियम, बाजाराचा नव्हे. बुडाखालचा टवका सोसतो, काठावरचा नाही.

शेवटी वंशावळ. "भोसल्यांच्या वाड्यातली आहे" हे वाक्य मी इतक्या दुकानांत ऐकलंय की त्या वाड्यात माणसांना उभं राहायला जागा उरली असेल का, अशी शंका येते. गोष्टीचे पैसे द्यायचे नाहीत. कागद असेल, जुना फोटो असेल, पावती असेल तर जरूर द्यायचे. ज्या घरातून वस्तू घेता तिथल्या माणसाकडून दोन ओळी लिहून घ्या, कुणाची होती, कधीपासून आहे. दहा वर्षांनी त्या दोन ओळी बरणीपेक्षा मोलाच्या ठरतात.

भाव करताना नाक मुरडू नका. दुकानदाराला "ही तं नवीच दिसते" म्हटलं की तो इरेला पेटतो. त्यापेक्षा दोन वस्तू एकत्र मागा. आणि घरगुती विक्री असेल, एखाद्या आजींना काय विकताहेत ते माहीत नसेल, तर सांगा. नागपूर मोठं असलं तरी या नादातली माणसं पंचवीस-तीसच, पुढच्या लग्नात त्याच आजी पंगतीत शेजारी बसतात.

खूप महागाची वस्तू असेल तर

भाजलेल्या मातीचं वय प्रयोगशाळेत काढता येतं. भांडं शेवटचं कधी भाजलं गेलं ते, मातीत साठलेली ऊर्जा तापवून प्रकाशरूपात मोजून, अंदाजाने ठरवतात. त्यासाठी भांड्याला बारीक छिद्र पाडून पूड काढावी लागते. बरणीसाठी हा खटाटोप हास्यास्पद आहे. कुणी लाखांचं चिनी भांडं गळ्यात घालत असेल तर त्याला हा दाखला मागा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच सौदा संपतो.

धुणं, ठेवणं, आणि आपला उन्हाळा

जुनी बरणी घरी आली की पहिल्यांदा बादलीत नव्हे, प्लास्टिकच्या टबात तळाला टॉवेल घालून, कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा. चिंच, लिंबू, राख, तारेची घासणी, ब्लीच, यातलं काही नाही. आंबट पदार्थ जुनी झिलई खातात आणि ब्लीच चिरांत जाऊन क्षार सोडतं.

लोणच्याच्या बरण्यांना एक खास दुखणं असतं: लोणा. वर्षानुवर्षं मीठ मुरलेलं असतं, विशेषतः साध्या मातीच्या भांड्यात. पावसाळ्यात ते ओलं होतं, उन्हाळ्यात सुकून स्फटिक होतात आणि आतून झिलईचे पापुद्रे उडवतात, भिंतीचा रंग उडतो तसे. मी एक सुंदर हिरवा चंबू असाच गमावला. घेतला, कोरडा पुसला, कपाटात ठेवला, मे महिन्यात कपाट उघडलं तर खाली हिरवा भुगा. आता असं भांडं आलं की मी ते आरओच्या पाण्यात भिजवते आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलते. वाळवल्यावर पांढरी भुकटी येणं थांबेपर्यंत हे चालू. मात्र झिलई आधीच सुटत असेल किंवा जोड लावलेला असेल तर भिजवू नका.

पारा ४५ च्या वर जातो तेव्हा आपण कूलर लावतो. कपाट कूलरच्या झोतासमोर नको, पश्चिमेच्या खिडकीतही नको. दिवसभर तापायचं आणि रात्री ओल्या हवेने गारठायचं, याने चिरा वाढतात. बशा भिंतीवर स्प्रिंगच्या तारेने टांगू नका, तारेचा ताण काठावर येतो.

आणि जुन्या भांड्यात खायचं नाही. कमी आचेवर भाजलेल्या जुन्या झिलईत शिसं असू शकतं, आणि लोणचं, ताक, चिंचेचं सार ते बाहेर काढतं. कारखान्याची दगडी बरणी त्या मानाने सुरक्षित, पण झिलईला चिरा असतील किंवा आत रंगीत नक्षी असेल तर तीही शोभेलाच ठेवा. लोणच्याला नवी बरणी घ्या, वर सांगितलेल्या बारकोडवाल्या दुकानातून घेतलीत तरी चालेल.

वही आणि कायदा

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. कुठून, कधी, कितीला, मापं, दोष, आणि फोटो: समोरून एक, बुडाचा एक, दोषाचा एक. क्रमांक थेट भांड्यावर पेनाने लिहू नका, स्टिकरही नको, त्याचा डिंक सच्छिद्र मातीत उतरतो. सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा.

आपल्या देशात १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षं पूर्ण झालेली अशी वस्तू पुरावस्तू ठरते. घरात ठेवायला, बघायला हरकत नाही. काही वर्गांची, मुख्यतः शिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशांची, नोंदणी करावी लागते. भांड्यावर मूर्तिकाम असेल तर राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला विचारूनच घ्या. पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. देशाबाहेर नेता येत नाही. माझी भाची अमेरिकेला निघाली तेव्हा पणजीची बरणी तिच्या बॅगेत भरायचं सगळ्यांनी ठरवलं होतं. शंभरच्या आतली असली तरी विमानतळावर ते सिद्ध कोण करणार? तसा दाखला भारतीय पुरातत्त्व खात्याकडून आधी घ्यावा लागतो. तिकीट आठ दिवसांवर होतं, बरणी इथेच राहिली.

जमिनीतून निघालेल्या वस्तूंपासून लांब राहा. शेतात नांगरताना, पाया खणताना काही मौल्यवान सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हा कायदा १८७८ सालचा आहे आणि अजून लागू आहे. मनसर, पवनी, अडम असल्या ठिकाणांहून 'सापडलेलं' म्हणून कुणी खापर विकायला आणलं तर घेऊ नका, दहा रुपयांनाही नको. त्याची किंमत ते कुठल्या थरात पडलं होतं यात होती, आणि तो थर विकणाऱ्याने कुदळीने उडवलेला असतो.

भाचीची ती बरणी सध्या माझ्याकडे आहे. क्रमांक ४७, उंची २६ सेंटिमीटर, बुडाला जबलपूरचा ठसा अर्धा उमटलेला, झाकण दुसरंच.